हप्ता किती ते नंतर. आधी गाडी कितीला ते विचारा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ५८,००० डॉलर स्टिकरची, म्हणजे छापील किमतीची, जर्मन एसयूव्ही त्यांना तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घ्यायची आहे. डीलरने सांगितलंय: महिना ७५८ डॉलर, ५,००० डॉलर डाउन (सुरुवातीला एकरकमी), वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा. कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ताई लिहितात, “आठशेच्या आत बसतंय, तर हे म्हणतात घेऊन टाकू. भाव रास्त आहे का?”

नाही. पण डीलरने फसवलंय असंही मी म्हणणार नाही. तुम्ही त्याला हप्ता विचारलात, त्याने हप्ता सांगितला. न्यू जर्सीतल्या एका महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी बारा वर्षं फायनान्सच्या टेबलामागे बसलो आहे. गिऱ्हाईक दारातून आत येताना “महिन्याला किती?” असं म्हणालं की आमचं अर्धं काम तिथेच झालेलं असायचं. हप्ता पाहिजे तेवढा खाली आणता येतो: डाउन वाढवा, मैल कमी करा, मुदत ताणा. गाडी मात्र तसूभरही स्वस्त झालेली नसते.

आधी तुमच्या ७५८ चा खरा आकडा काढू. ते ५,००० डॉलर काही आकाशातून पडलेले नाहीत. ३६ महिन्यांवर पसरले तर महिना १३९ होतात. म्हणजे तुमचा हप्ता ८९७ आहे, कर सोडून. आता बसतंय का आठशेत?

लीजचा हिशेब दोन तुकड्यांचा असतो. पहिला तुकडा म्हणजे गाडीची झीज. आज ठरलेली किंमत वजा तीन वर्षांनंतरची किंमत, भागिले महिने. तीन वर्षांनंतरच्या किमतीला रेसिड्युअल म्हणतात. ती फायनान्स कंपनी ठरवते आणि स्टिकरच्या टक्क्यांत सांगते. डीलरला ती बदलता येत नाही, त्यामुळे तिच्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. दुसरा तुकडा म्हणजे व्याज, पण लीजमध्ये त्याला व्याज म्हणत नाहीत. त्याला भाडं म्हणतात आणि ते मनी फॅक्टर नावाच्या एका बारीक दशांशाने काढतात.

तुम्ही मागवून घेतलेल्या कागदावर किंमत ५७,०००, लीज सुरू करायची कंपनीची ॲक्विझिशन फी ९२५, रेसिड्युअल ५७ टक्के आणि मनी फॅक्टर ०.००२४० आहे. करून बघा. ५७,००० अधिक ९२५ वजा तुमचे ५,००० म्हणजे ५२,९२५. रेसिड्युअल ३३,०६०. फरक १९,८६५, भागिले ३६, म्हणजे ५५१.८१. ही झीज. आता ५२,९२५ आणि ३३,०६० यांची बेरीज करायची, वजाबाकी नाही, आणि तिला ०.००२४० ने गुणायचं: २०६.३६. दोन्ही मिळून ७५८.१७. डीलरचा हिशेब चोख आहे. प्रश्न आहे तो त्यात घातलेल्या आकड्यांचा.

बेरीज का, हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारायचंच, आणि बहुतेकांना त्यात लबाडी वाटायची. ती लबाडी नाही. तीन वर्षांत तुमच्याकडे कंपनीचे सरासरी किती पैसे अडकलेले असतात? सुरुवातीची आणि शेवटची रक्कम मिळवून निम्मे. त्यावर वार्षिक दराचा बारावा भाग म्हणजे महिन्याचं व्याज. ते ‘निम्मे’ आणि ‘बारा’ आणि ‘टक्क्यांचे शंभर’ एकत्र केले की २,४०० येतात. म्हणून मनी फॅक्टरला २,४०० ने गुणलं की नेहमीचा व्याजदर मिळतो. ०.००२४० म्हणजे ५.७६ टक्के. एक युक्ती इथेच सांगून ठेवतो. काही ठिकाणी सेल्समन तोंडी “दर दोन पॉइंट चार आहे” असं म्हणतो आणि गिऱ्हाईक २.४ टक्के समजून खूश होतं. समोरचा खोटं बोललेला नसतो. त्याने फक्त पुढची शून्यं गाळलेली असतात.

आता आतली गोष्ट. फायनान्स कंपनी दर महिन्याला प्रत्येक मॉडेलसाठी एक मूळ मनी फॅक्टर काढते. डीलरला त्यावर थोडं चढवायची मुभा असते आणि वरचा पैसा डीलरच्या खिशात जातो. आमच्याकडे ही मुभा ०.०००४० पर्यंत होती. माझ्या कमिशनचा चांगला हिस्सा त्यातूनच यायचा, हे कबूल करतो. कायद्याला धरूनच होतं ते सगळं. भाड्याने गाडी देणाऱ्याने काय काय उघड करायचं याचा अमेरिकेत १९७६ पासून केंद्रीय कायदा आहे. त्याखालचे नियम रेग्युलेशन एम म्हणून ओळखले जातात. त्यानुसार करारात गाडीची धरलेली किंमत, रेसिड्युअल, एकूण झीज, एकूण भाडं हे सगळं छापावं लागतं. मनी फॅक्टर छापायची सक्ती मात्र नाही.

एक जोडपं अजून आठवतं. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. साहेब पुण्याचे असावेत, कारण घासाघीस अगदी तुळशीबागेतली होती. सव्वा तास त्यांनी रबरी मॅट्सवर घालवला. दीडशे डॉलरच्या मॅट्स. मी मॅनेजरकडे दोनदा उठून गेलो, चेहरा पाडून परत आलो आणि शेवटी मॅट्स दिल्या. वहिनी हसल्या, साहेबांनी टाळी दिली. समोर पडलेल्या कागदावर मनी फॅक्टर चढवलेला होता आणि त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. तेवढ्याच जागेत तेराशे डॉलर होते.

तेराशे हा आकडा हवेतला नाही. तुमच्याच गाडीचा हिशेब घ्या. त्या मॉडेलचा या महिन्याचा मूळ दर ०.००२०० असल्याचं तुम्ही शोधून काढलंत, ते फार चांगलं केलंत. एडमंड्स या गाड्यांच्या माहितीच्या साइटच्या चर्चापानांवर पिनकोड, मॉडेल, मुदत आणि मैल लिहून विचारलं की हे आकडे मिळतात. डाउन शून्य धरलं तर ०.००२४० आणि ०.००२०० मध्ये महिन्याला ३६ डॉलरचा फरक पडतो. तीन वर्षांत १,३१०.

पण खरी मलई किमतीत आहे. स्टिकरवरचा भाव हा ओरडून सांगितलेला भाव असतो. लीज आहे म्हणून किंमत पक्की असते, हा गैरसमज मी फार पाहिला. विकत घेताना जशी किंमत पाडून मागता तशीच ती लीजवरही मागायची. तुम्हाला १,००० डॉलर सूट मिळालीये, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. भरपूर तयार असलेल्या, लॉटवर रांगेने उभ्या असलेल्या मॉडेलवर मी सहा-सात टक्के मागेन, आणि ते कंपनीच्या स्वतःच्या सवलती धरायच्या आधी. नव्याने आलेलं किंवा हातोहात जाणारं मॉडेल असेल तर एवढं मिळणार नाही. डोळ्यांसमोर ठेवायला एक आकडा: ३६ महिन्यांच्या लीजवर किमतीतले हजार डॉलर उतरले की हप्ता साधारण ३० डॉलरने उतरतो. समोरचा “अजून दोन हजार सोडतो” म्हणाला आणि हप्ता वीस डॉलरनेच हलला, तर उरलेले चाळीस दुसरीकडे कुठेतरी जिरलेत.

तुमची गाडी सात टक्के सूट धरून ५३,९४० ला, मूळ मनी फॅक्टरवर, डाउन न देता किती पडते? ५४,८६५ वजा ३३,०६०, भागिले ३६: ६०५.६९. भाडं १७५.८५. मिळून ७८१.५४. डाउन न देता सध्याच्या कागदावरची गाडी ९०९ ला पडते. महिना १२७ डॉलर, तीन वर्षांत ४,५९० डॉलर. एका माणसाचं मुंबईला जाऊन-येऊन विमानभाडं निघून वर पेढ्यांचे खोके.

इंटरनेटवर स्टिकरच्या एक टक्क्याचा नियम वाचाल: ५८,००० च्या गाडीला ५८० हप्ता. तो व्याज स्वस्त होतं तेव्हाचा आहे. आज कोणी जर्मन गाडी डाउन न घेता एक टक्क्यात दिली तर मला कळवा, मीही रांगेत उभा राहतो. तसंच विजेच्या गाड्यांच्या स्वस्त लीजचे जुने किस्से मित्रांकडून ऐकाल. लीजवरच्या ईव्हीला मिळणारी ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली. ते किस्से आता किस्सेच समजा.

डाउनबद्दल मी जरा हट्टी आहे. लीजवर डाउन देऊ नका. समजा गाडी घेऊन तीन आठवडे झाले आणि टर्नपाइकवर कोणीतरी मागून ठोकली, गाडी भंगारात. विमा कंपनी गाडीची बाजारातली किंमत लीज कंपनीला देते. त्यात काही कमी पडलं तर गॅप कव्हर ते भरतं. महागड्या गाड्यांच्या बहुतेक लीजमध्ये ते आधीच असतं, पण करारात तसं वाक्य आहे ना ते बघा. कर्ज फिटलं, सगळे मोकळे. तुमचे ५,००० मात्र कोणीही परत देत नाही. हप्ता कमी दिसावा म्हणून दिलेला तो पैसा पाण्यात. सहीच्या दिवशी पहिला हप्ता, नोंदणी, कर आणि फी एवढंच द्या. हाताशी रोख असेलच तर काही कंपन्या सिक्युरिटी डिपॉझिटच्या पटीत जास्तीची अनामत घेऊन मनी फॅक्टर उतरवतात. ती शेवटी परत मिळते, म्हणून तिथे पैसा ठेवणं वेगळं. तुमच्या कंपनीत ती सोय आहे का, एवढं विचारा.

मैलांचं. तुम्ही आठवड्यातून चार दिवस प्रिन्स्टनला जाता, जाऊन-येऊन चाळीस मैल. सुट्ट्या वगळून ४८ आठवडे धरले तर ७,६८० मैल. शनिवार-रविवारची देवळं, मुलांचे क्लास, मंडळाचे कार्यक्रम, वाणसामान, हे आठवड्याला साठ धरले तर आणखी ३,१२०. झाले १०,८००. दहा हजारांत बसत नाही. शेवटी जादा मैलाला २५ सेंट लागले तर तीन वर्षांच्या २,४०० जादा मैलांचे ६०० डॉलर. १२,००० चा करार केला तर रेसिड्युअल साधारण एक टक्क्याने उतरतो, हप्ता १५ डॉलरने वाढतो, म्हणजे तीन वर्षांत ५४०. तेवढ्यात ६,००० मैल जास्त मिळतात, मैलाला नऊ सेंट पडतात. बारा हजार घ्या. न वापरलेल्या मैलांचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा भीतीपोटी पंधरा घेऊ नका.

फी आणि कर पटकन उरकतो, कारण इथे हातात फारसं काही नाही. ॲक्विझिशन फी कंपनीची, हजाराच्या आसपास. काही डीलर तीही फुगवतात, तेव्हा कंपनीचा मूळ आकडा विचारा. शेवटी गाडी परत करताना डिस्पोझिशन फी चार-पाचशे. त्याच कंपनीची पुढची गाडी घेतलीत तर बहुतेक वेळा माफ. डॉक फी, म्हणजे कागदपत्रांची फी, ही डीलरची स्वतःची. कॅलिफोर्नियात ८५ डॉलरच्या वर घेता येत नाही, न्यूयॉर्कमध्येही मर्यादा आहे, आपल्याकडे न्यू जर्सीत नाही, म्हणून सात-आठशेही लावतात. ती काढायला सांगितली तर “सगळ्यांना सारखीच” हे उत्तर ठरलेलं. वाद घालू नका, तेवढे पैसे किमतीतून उतरवून मागा. राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के. लीजवर तो सगळा सुरुवातीलाच धरतात: एकतर सगळ्या हप्त्यांच्या बेरजेवर, नाहीतर गाडीच्या किमतीवर. कोणती पद्धत, हे लीज कंपनी ठरवते. तुमच्या गाडीला, वरचा सात टक्के सुटीचा हिशेब धरून, पहिल्या पद्धतीने साधारण १,८६५ आणि दुसऱ्या पद्धतीने जवळपास ३,५७५ येतात, तेव्हा दोन डीलरांची तुलना करताना कर कसा धरलाय ते पाहाच. गाडी न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियातून आणली तरी नोंदणी आपल्याकडे, म्हणून करही आपलाच.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. शोरूममध्ये जाऊन बसू नका. खुर्चीत बसलं की वेळ त्यांच्या बाजूने धावतो. मुलं कंटाळतात, कॉफी थंड होते आणि माणूस “जाऊ द्या आता” म्हणतो. न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. तो दिवस आपला. रविवारी सकाळी लॉटवर फिरा, कोणीही मागे लागत नाही. हवी ती गाडी आणि स्टिकर यांचा फोटो घ्या. एकाच मॉडेलच्या दहा-बारा गाड्या धूळ खात उभ्या असतील तर तेही टिपून ठेवा.

मग शंभर मैलांतल्या सहा-सात डीलरांच्या इंटरनेट विभागाला एकच ईमेल. त्यात हप्ता हा शब्दच नको. स्टिकर एवढी असलेली गाडी, ३६ महिने, १२,००० मैल, डाउन शून्य. तुमची विक्रीची किंमत कंपनीच्या सवलतींआधी किती, सवलती कोणत्या, मनी फॅक्टर किती, रेसिड्युअल किती, प्रत्येक फी वेगळी लिहा. तीन जण “या ना, बोलू” म्हणतील. त्यांना सोडा. दोघे आकडे देतील. त्यातला बरा आकडा नाव झाकून दुसऱ्याला पाठवा. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत हे केलंत तर बरं, कारण कंपनीने ठरवून दिलेला गाड्यांचा आकडा पुरा केला की डीलरला बोनस मिळतो. तो आकडा एका गाडीने अडला असेल तर तुमच्या गाडीवर तोटाही सोसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी तर हमखास. पण तुम्ही गेलात तेव्हा आकडा आधीच पुरा झालेला असू शकतो, म्हणून नुसत्या तारखेवर भिस्त नको. सोशल सिक्युरिटी नंबर किंमत ठरल्याशिवाय कोणालाही देऊ नका. “वरच्या पायरीचा क्रेडिट स्कोअर धरून सांगा” एवढं पुरे.

डीलरच्या लोनर गाड्याही विचारा. दुरुस्तीला गाडी ठेवणाऱ्यांना तात्पुरती देतात त्या. चार-पाच हजार मैल झालेली, पण कागदोपत्री अजून नवीनच, म्हणून लीजवर मिळते. सूट खूप जास्त असते. मात्र झालेल्या मैलांमुळे रेसिड्युअल उतरतो, तेव्हा हिशेब पुन्हा मांडा.

तुम्ही लिहिलंय की यजमानांचा व्हिसा दोन वर्षांनी नूतनीकरणाला आहे. हे मी हलक्यात घेणार नाही. लीज मध्येच मोडणं फार महाग पडतं, कधी कधी उरलेले सगळे हप्तेच भरावे लागतात. करार दुसऱ्याच्या नावावर करू देणाऱ्या कंपन्या आहेत, न देणाऱ्याही आहेत. सही करण्याआधी हे कलम शोधा, सेल्समनच्या तोंडी हमीवर राहू नका.

आता माझ्या जुन्या खोलीबद्दल. किंमत ठरली, सगळे हात मिळवले, आणि मग तुम्हाला “कागदपत्रांसाठी” एका छोट्या ऑफिसात नेतात. तिथे बसलेला माणूस गोड बोलतो. मीच बसायचो. तो वाढीव वॉरंटी दाखवेल. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस यांची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा ५०,००० मैल आहे, तुमची लीज तीन वर्षांची आणि ३६,००० मैलांची. कशाला हवी? आगाऊ सर्व्हिस पॅकेजचं तसंच. बीएमडब्ल्यूच्या नव्या गाडीला पहिली तीन वर्षं ठरलेली देखभाल किमतीतच असते. मर्सिडीजला नसते, तिथे विचार करता येईल. काचेवर नंबर कोरणे, टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर कोटिंग: सरळ नाही म्हणा. फक्त टायर आणि रिम यांच्या संरक्षणावर मी थोडा थांबतो. थंडी संपताना आपल्याकडच्या रस्त्यांवरचे खड्डे आणि त्या मोठ्या रिमवरचे पातळ टायर, हे जमत नाही. पण त्याचीही किंमत पाडून मागा. पहिला आकडा दुप्पट असतो. मी तरी दुप्पटच सांगायचो.

सहीच्या आधी करारावर एकच तपासणी करा. त्यात मनी फॅक्टर नसेल, पण एकूण भाडं असेल. त्याला ३६ ने भागा, मग धरलेली किंमत (फी मिळवून, डाउन वजा करून) आणि रेसिड्युअल यांच्या बेरजेने भागा. तुमच्या सध्याच्या कागदावर भाडं ७,४२९ आहे. भागिले ३६ म्हणजे २०६.३६, भागिले ८५,९८५ म्हणजे ०.००२४०. नव्या करारात ०.००२०० यायला हवा. नाही आला तर पेन खाली ठेवा आणि शांतपणे विचारा. बहुतेक वेळा “अरे, सिस्टिममध्ये चुकलं वाटतं” असं म्हणून दोन मिनिटांत दुसरा कागद येतो. हल्ली सही स्क्रीनवर घेतात आणि पानं भराभर सरकवतात. छापील प्रत मागा. गाडी घरी नेल्यावर विचार बदलला तर तीन दिवसांत परत करता येते असं कोणी सांगितलं असेल तर विसरा, शोरूममध्ये केलेल्या व्यवहाराला तसली मुदत नाही.

नव्या आकड्यांचा कागद आला की नाव, पत्ता, नंबर झाकून पाठवा. महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत.